तरुण कर्करुग्ण आणि आपली निवेदने

इंदापूर तालुक्यात कळस नावाचे गाव आहे. बारामती आणि इंदापूर या दोन्ही बाजारपेठा तशा हाताशी. तालुक्यात साखर कारखाने आहेत, ऊस आहे, द्राक्षे-डाळिंबे आहेत. परंतु वाटण्या होत होत दीड-दोन एकरांवर आलेल्या घरांतील मुलांना, आपल्यापुरते शेतीत काही उरलेले नाही, हे दहावीतच कळून चुकलेले असते. अशा मुलांपुढे आज एकच रस्ता दिसतो, आणि तो अगदी शब्दशः रस्ताच असतो. पहाटे पाचला उठायचे, डांबरी सडकेवर धावायचे आणि पोलीस भरतीची तयारी करायची. सोळाशे मीटर किती मिनिटांत, गोळा किती लांब, एवढ्या दोन आकड्यांवर घरादाराचे भवितव्य तोललेले असते.

ज्याच्यासंबंधी मी लिहीत आहे तो मुलगा अशांपैकीच एक. नाव देत नाही. देण्याचे कारणही नाही. बारावी झालेला, अठरा वर्षे नुकतीच पूर्ण झालेली. त्याचा गुडघा दुखू लागला तेव्हा सर्वांनी म्हटले, धावून धावून भरला असेल. कोणी तेल चोळायला सांगितले, कोणी शेक. जवळच्या एका हाडवैद्याकडे दोन-तीन महिने जाणेयेणे झाले. सूज उतरेना आणि रात्री झोप लागेना, तेव्हा बारामतीला क्ष-किरण तपासणी झाली, तेथून पुण्याला पाठविण्यात आले. तपासणीसाठी तुकडा काढला गेला आणि निदान आले : हाडाचा कर्करोग.

हा रोग मुख्यत्वे वाढत्या वयाच्या मुलांना, पौगंडावस्थेत, हाडे झपाट्याने लांबत असतात त्याच काळात होतो आणि पुष्कळदा गुडघ्याच्या आसपासच होतो. म्हणजे ज्या वयात गुडघा दुखण्याची शंभर साधी कारणे असतात, नेमक्या त्याच वयात. त्यामुळे घरच्यांना दोष देण्यात अर्थ नाही. विश्रांतीनंतरही न थांबणारे, रात्री वाढणारे हाडाचे दुखणे आणि वाढती सूज दिसली की चोळू नये, आधी क्ष-किरण तपासणी करून घ्यावी, हे आपल्या आरोग्य शिबिरांत सांगितले पाहिजे. ते आपण आजवर सांगितलेले नाही.

मुलाचे वडील दूधदराच्या आंदोलनातील माझे जुने सहकारी. म्हणून पुण्याला मी बरोबर गेलो होतो. डॉक्टरांनी आम्हा दोघांना आत बोलावले. मुलगा बाहेर बाकावर, मांडीवर फाईल घेऊन बसला होता. डॉक्टरांनी रोग समजावून सांगितला, उपचार सांगितले, खर्चाची योजना सांगितली. वडिलांनी एकच विनंती केली, ‘पोराला सांगू नका.’ डॉक्टर क्षणभर थांबले आणि म्हणाले, ‘तुमची इच्छा.’ मीही मान डोलावली. संमतीपत्रावर वडिलांनी सही केली.

मला त्या वेळी जे सुचले नाही ते आज लिहितो. १९८९ पासून या देशात अठराव्या वर्षी मताचा अधिकार आहे. दिल्लीत कोणाचे सरकार असावे हे ठरविण्याइतका हा मुलगा जाणता आहे, असे आपले संविधान म्हणते. मात्र स्वतःच्या गुडघ्यात काय झाले आहे हे कळण्याइतका तो जाणता नाही, असे त्या खोलीत आम्ही तिघांनी, त्याला न विचारता, ठरवून टाकले. तिघांपैकी एक मी होतो, आणि गेली पंचवीस-तीस वर्षे लोकशाही हक्कांवर व्याख्याने देत आलो आहे.

त्याला रोगाचे नाव कळले ते एस. टी.च्या सवलतीसाठी रुग्णालयाने दिलेल्या प्रमाणपत्रावरून. कळसहून सोलापूर-पुणे हमरस्त्यावर यायचे, तेथे गाडी धरायची आणि स्वारगेटला उतरायचे. महिन्यातून दोन-तीन फेऱ्या, बरोबर एक माणूस. सवलत मिळते हे चांगलेच आहे. पण वडिलांच्या पिशवीतून तो कागद काढून वाहकापुढे धरताना त्याने तो वाचला, आणि भरल्या गाडीत वाचला. पुढे दोन दिवस तो बोलला नाही. तिसऱ्या दिवशी मला फोन करून त्याने विचारले, ‘तात्या, भरतीचं काय करायचं मग?’

मी अपेक्षा करीत होतो की तो विचारील, मी वाचेन का? त्याने ते विचारले नाही. किंवा असे म्हणावे की, त्याच्या लेखी प्रश्न तोच होता. साठीच्या माणसाला कर्करोग होतो तेव्हा जगून झालेल्या आयुष्याची राखण करायची असते. सहा वर्षांच्या मुलाला होतो तेव्हा त्याची काळजी आईबाप वाहतात आणि त्याला सुईचे भय तेवढे असते. सतराव्या-अठराव्या वर्षी माणसापाशी मागे काही नसते. असते ते सगळे पुढे. शिक्षण, नोकरी, मैत्री, लग्न, घराबाहेर पडणे, बापाच्या शब्दाबाहेर जाऊन पाहणे. रोग त्याच्यापासून जे हिरावून घेतो ते अजून घडलेलेच नसते, म्हणून ते कोणाच्या मोजमापात येत नाही. डॉक्टर गाठ मोजतात, आपण खर्च मोजतो.

पूर्वी हे प्रश्न उपस्थितच होत नव्हते, हे मान्य केले पाहिजे. परळचे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या, त्या दुःखातून पुढे ती संस्था उभी राहिली. १९६२ पासून ती अणुऊर्जा खात्याकडे आहे. अशा मोठ्या संस्थांमध्येसुद्धा १९७० च्या दशकात रक्ताच्या कर्करोगाच्या एका तीव्र प्रकारात मुले आणि पंचविशीच्या आतील तरुण यांच्यापैकी फार थोडे वाचत. १९८४ पासून मुंबई, मद्रास आणि दिल्ली येथील तीन केंद्रांनी एकच ठरलेली उपचारपद्धती अवलंबिली, रक्त, प्रतिजैविके, शुश्रूषा यांची व्यवस्था सुधारली. आणि चार वर्षे रोगमुक्त राहणाऱ्यांचे प्रमाण शेकडा वीसच्याही खाली होते ते पंचेचाळीस ते साठच्या घरात गेले. औषधे बहुतेक जुनीच होती. बदलली ती शिस्त आणि व्यवस्था.

तोपर्यंत आपल्या मनातील असाध्य आजाराचा तरुण रुग्ण म्हणजे ‘आनंद’ (१९७१) आणि ‘मिली’ (१९७५) यांतला : सुंदर बोलणारा, सर्वांना हसविणारा, आणि शेवटी पडद्यावर वा पडद्याआड निघून जाणारा. त्या चित्रपटांनी आपल्याला रडविले. त्याबद्दल तक्रार नाही. परंतु जो जाणारच आहे त्याला पुढचे काय विचारायचे, ही समजूत त्यांनी घट्ट केली. जो वाचतो आहे, पण लंगडत. जो वाचतो आहे, पण कोणी मुलगी देत नाही. जो वाचतो आहे, पण बारावीची दोन वर्षे गेली. त्याची गोष्ट सांगायला कोणी बसले नाही. मराठीत याला एक सन्माननीय अपवाद झाला, तो संदीप सावंत यांचा ‘श्वास’. २००४ साली प्रदर्शित झालेल्या या चित्रपटात कोकणातला लहानगा परशा डोळ्यांच्या कर्करोगाने ग्रस्त आहे, शस्त्रक्रियेने जीव वाचेल पण दृष्टी जाईल. आणि डॉक्टर म्हणतात, मुलाला हे सांगितल्याशिवाय शस्त्रक्रिया होणार नाही. सगळा चित्रपट त्या एका ‘सांगण्या’भोवती फिरतो. गावोगावी लोकांनी तो पाहिला, डोळे पुसले. मीही पुसले होते. आणि पुण्याच्या त्या खोलीत मान डोलाविली.

आता रुग्णालयाकडे वळू. आपल्या देशात मुलांचा विभाग कुठे बाराव्या वर्षी संपतो, कुठे चौदाव्या, कुठे अठराव्या. त्यापुढे सगळे प्रौढ. आमच्या मुलाची खाट पडली ती पंचावन्न-साठीच्या पुरुषांमध्ये. त्यांतील बहुतेक तंबाखूमुळे झालेल्या तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण. (तंबाखू-चुन्याच्या डबीशिवाय ज्यांची बैठक सुरू होत नाही अशा आपल्याही काही सहकाऱ्यांनी तो कक्ष एकदा पाहून यावा. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे आणि पुडी कोणत्या टपरीवर मिळते हे शाळकरी मुलालाही ठाऊक आहे.) ती माणसे त्याच्याशी प्रेमानेच वागत. पण रात्री दिवे मालवल्यावर त्या कण्हण्यात पडून राहणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलाला स्वतःच्या वयाचे एकही माणूस दिसत नव्हते. त्याच मजल्यापासून दोन जिने खाली मुलांच्या विभागात भिंतींवर हत्ती-ससे रंगविलेले होते. तेथेही तो बसला नसता.

हा नुसता मन रमविण्याचा प्रश्न नाही. अमेरिकेत रक्ताच्या कर्करोगाच्या सोळा ते वीस वर्षे वयाच्या ३२१ रुग्णांचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. एकाच वयाची, एकाच रोगाची मुले. काही बालरोगतज्ज्ञांच्या पद्धतीने उपचार घेणारी, काही प्रौढांच्या. सात वर्षांनंतर पहिल्या गटातील ६७ टक्के जिवंत होती, दुसऱ्यातील ४६ टक्के. कोणत्या दारातून आत गेला यावर आयुष्य ठरले. कारणे अनेक : औषधांच्या मात्रा, त्यांचे वेळापत्रक, आणि ते वेळापत्रक काटेकोरपणे पाळून घेण्याची सवय. लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात केवळ कुमारवयीनांसाठी स्वतंत्र कक्ष १९९० साली उघडला, तो याच जाणिवेतून. आपल्याकडे अशी सोय अगदी थोड्या ठिकाणी आहे, आणि इंदापूर-बारामतीच्या मुलाच्या वाट्याला ती येण्याचा संभव फार कमी.

येथे काही साथी आक्षेप घेतील, आणि तो आक्षेप मला मोलाचा वाटतो. ते म्हणतील, खेड्यातल्या रुग्णाला खाट मिळत नाही, वेदनाशामक मिळत नाही, कर्ज काढून बैल-म्हशी विकून उपचार होतात. अशा वेळी ‘त्याला सांगा, त्याला विचारा, त्याच्या वयाची सोबत द्या’ हे शहरी मध्यमवर्गाचे चोचले आहेत. आधी भाकरी, मग भाषण.

मी स्वतः वर्षानुवर्षे असेच मानत आलो. परंतु अनुभव उलटा आहे. टाटा रुग्णालयाच्या मुलांच्या विभागात २००९ च्या सुमारास उपचार नाकारणाऱ्यांचे वा अर्धवट सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण पाचांत एक इतके होते. गरिबी आणि अज्ञान, असे म्हणून हे सोडून देता आले असते. तेथील मंडळींनी तसे केले नाही. पैशाबरोबरच राहण्याची जागा, जेवण, रक्त, समुपदेशन, शिक्षण आणि न आलेल्या प्रत्येक मुलाचा घरापर्यंत पाठपुरावा, ही सगळी सोय त्यांनी एका हाताखाली आणली. काही वर्षांत ते प्रमाण पाच टक्क्यांच्या आत आले. लोक अडाणी होते म्हणून सोडून जात नव्हते. मुंबईत रात्री पाठ टेकायला जागा नव्हती आणि पुढे काय होणार हे कोणी सांगत नव्हते, म्हणून जात होते. गाडगे महाराजांना हे फार पूर्वी उमगले होते. दादरच्या त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत आजही कर्करुग्ण आणि त्यांचे नातेवाईक राहतात. भुकेल्याला अन्न आणि निराश्रिताला आसरा यांबरोबर माणसाला शहाणे करणेही ते एकाच दमात सांगत. आपण मात्र त्यांतले पहिले दोन मागतो.

दुसरे उदाहरण आपल्या अधिक जवळचे, सोलापूर जिल्ह्यातील बार्शीचे. ग्रामीण भागातील कर्करोगाची लोकसंख्याधारित नोंद ठेवण्याचे देशातील पहिले काम १९८७ साली बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांत सुरू झाले. नोंद ठेवायची तर गावोगाव जाऊन लोकांशी बोलावे लागते, लक्षणे सांगावी लागतात, रोगाचे नाव मोठ्याने उच्चारावे लागते. कार्यकर्ते ते करीत राहिले. आणि पुढे असे आढळले की गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया आता पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत रुग्णालयात येऊ लागल्या आहेत. नवे यंत्र आले नव्हते. बोलणे सुरू झाले होते. बार्शीत १९८७ साली जे शेतमजूर बायांशी बोलता आले, ते कळसच्या बारावी झालेल्या मुलाशी बोलता येत नाही, असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

तरीही न सांगणाऱ्या बापाची बाजू मी समजू शकतो. आपल्याकडे दुःख वाटून घेण्याऐवजी झाकून ठेवणे हीच माया समजली जाते. बापाला वाटते, सांगितले तर पोरगा खचेल. प्रत्यक्षात पोरगा सगळे ओळखून असतो. आई पदर तोंडाला लावून का उठते हे त्याला कळते. मग तोही आईबापांपासून झाकू लागतो. एकाच कोठीत तिघेजण एकमेकांना फसवीत बसतात आणि प्रत्येकजण एकटा पडतो. आमच्या मुलाने ओकाऱ्या लपविल्या, ताप लपविला. कारण ताप सांगितला तर पुन्हा पुण्याची गाडी, पुन्हा बापाचा बुडणारा रोजगार. रसायनोपचार चालू असताना ताप लपविणे म्हणजे जिवाशी खेळ. पांढऱ्या पेशी घटलेल्या असतात आणि साधा जंतुसंसर्गही काही तासांत हाताबाहेर जातो, हे त्याला कोणीतरी सरळ शब्दांत सांगितले असते तर त्याने तो लपविला नसता. एका रात्री गावातल्या जीपमधून त्याला हलवावे लागले. तो वाचला, हे नशीब.

याहून कठीण गोष्ट पुढेच आहे. उपचार संपत आले तेव्हा एके दिवशी तो फाईल घेऊन माझ्या घरी आला. त्यात सगळे इंग्रजीत. एका ओळीवर बोट ठेवून म्हणाला, ‘एवढं वाचून दाखवा.’ त्या ओळीचा आशय असा होता, की रसायनोपचारांपूर्वी शुक्राणू साठवून ठेवण्याविषयी नातेवाइकांशी चर्चा केली. नातेवाइकांनी नकार दिला. या रोगावरील काही औषधांनी पुढे मूल होण्याची शक्ती कमी होऊ शकते वा जाऊ शकते. म्हणून पहिल्या सलाइनच्या आधी वीर्याचा नमुना गोठवून ठेवता येतो. काम दोन-चार दिवसांचे. खर्च आहे, पण एकूण उपचारांपुढे थोडा. ही चर्चा झाली तेव्हा मी औषधाच्या रांगेत होतो, आत त्याचे वडील आणि चुलते होते, आणि तो, ज्याच्याबद्दल चर्चा होती तो, बाहेर बाकावर होता.

मी ती ओळ वाचून दाखविली. त्याने फाईल मिटली आणि पाणी मागितले. पुढे वडिलांशी माझे बोलणे झाले. ते म्हणाले, ‘पोरगं जगू दे म्हटलं, बाकीचं नंतर बघू. आन् पोराशी असलं कसं बोलायचं?’ या माणसाला मी काय उत्तर देणार? लाजेची ही भिंत एकट्या बापाने चढून जावी ही अपेक्षाच चूक आहे. ते काम बापाचे नाही. डॉक्टरांचे आहे, आणि डॉक्टरांना सवड नसेल तर समाजसेवा अधीक्षकांचे आहे. पण बोलायचे मुलाशी. अठरा पूर्ण असतील तर संमती त्याचीच. अठराच्या आत असेल तर कायद्याने सही पालकाची, हे खरे. तरी बालहक्कांच्या ज्या आंतरराष्ट्रीय कराराला भारताने डिसेंबर १९९२ मध्ये मान्यता दिली, त्याच्या बाराव्या कलमाप्रमाणे समज आलेल्या मुलाचे मत विचारात घेणे आवश्यक आहे. हे कलम आपण बालकामगारांच्या संदर्भात व्यासपीठावरून सांगत असतो. रुग्णालयातही तेच मूल असते.

आणि मी हे मुलाबद्दल लिहितो आहे. मुलगी असती तर? मोठ्या कर्करोग रुग्णालयांच्या नोंदींत मुलग्यांची संख्या मुलींपेक्षा पुष्कळ अधिक दिसते, आणि हा सगळा फरक रोगाच्या स्वभावाचा नाही. कित्येक मुली दारापर्यंत पोहोचतच नाहीत. ज्या पोहोचतात त्यांच्या घरी रोगाचे नाव गावात कळू नये म्हणून निराळाच बंदोबस्त असतो, कारण तिचे लग्न व्हायचे असते, शिवाय धाकटीचेही. केस गेलेली मुलगी वर्षभर मामाकडे आहे असे सांगितले जाते. ऊसतोडीच्या टोळीबरोबर बीड-नगरकडून आलेल्या मुलीची कथा आणखी वेगळी. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत कोयता सोडता येत नाही. गाठ दिसली तरी हंगाम संपल्यावर पाहू असे म्हणतात. हंगाम संपायला मार्च-एप्रिल उजाडतो. कर्करोग गाळपाचे वेळापत्रक पाहत नाही.

शासनाने काहीच केले नाही, असे मी म्हणणार नाही. २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झालेली जीवनदायी योजना पुढे सर्व राज्यात गेली, तिला महात्मा फुले यांचे नाव मिळाले, आणि आता कुटुंबामागे पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. आमच्या मुलाचे उपचार त्याच योजनेतून झाले. ती नसती तर हा लेख मृत्युलेख झाला असता. परंतु योजना पैसे देते ते शस्त्रक्रियेचे, औषधाचे, खाटेचे. बुडालेल्या मजुरीची भरपाई तीत नाही, पुण्यात राहण्याची सोय नाही, आणि कॉलेजच्या हजेरीचे काय, याचे उत्तर तर कोणत्याच खात्याकडे नाही. दहावी-बारावीच्या वर्षात आजारी पडलेल्या मुलाला आपण फार तर सतरा नंबरचा फॉर्म भरायला सांगतो; म्हणजे आधी शाळेतून नाव कमी, मग बाहेरून परीक्षा. दिव्यांगांच्या २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकार मोजले आहेत. पाय गेला तर प्रमाणपत्र मिळते, पाय वाचून आत धातूचा सांधा बसला तर टक्केवारीसाठी खेटे घालावे लागतात, आणि दोन वर्षे रक्ताच्या कर्करोगाशी झगडून उठलेल्या मुलाला काहीच नाही, कारण कर्करोग त्या यादीत नाही.

बरे झालेल्यांनी आपले आपण संघटित व्हायला सुरुवात केली आहे, ही मात्र आशेची गोष्ट. टाटा रुग्णालयात उपचार संपलेल्या मुलांसाठी वेगळा तपासणी विभाग १९९१ पासून चालतो. लहानपणी कर्करोगातून वाचलेल्या तरुणांचा ‘उगम’ हा गट २००९ साली इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आश्रयाने मुंबईत उभा राहिला. नव्या रुग्णाच्या खाटेशेजारी असा एखादा तरुण येऊन बसतो आणि म्हणतो, मलाही हेच झाले होते. त्या एका वाक्याने जे होते ते माझ्यासारख्याच्या दहा व्याख्यानांनी होत नाही. हे लोण अजून मुंबई-पुण्याबाहेर फारसे आलेले नाही.

आता आपल्या निवेदनांविषयी. गेल्या वीस वर्षांत आरोग्याच्या प्रश्नावर तालुक्यातून जी निवेदने गेली, त्यांतील निम्म्यांचा मसुदा माझ्या हातचा आहे. परवा ती काढून वाचली. रिक्त जागा भरा, औषधे पुरवा, रुग्णवाहिका द्या, बारामतीला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय द्या. शेवटची मागणी इतरही पुष्कळांनी लावून धरली होती. महाविद्यालय २०१९ पासून सुरू झाले. सगळ्या मागण्या रास्त होत्या. पण रुग्णाला त्याच्या भाषेत रोग समजावून सांगितला जावा, अशी एक ओळ त्या ढिगात सापडली नाही. आपण माणसांसाठी मागत होतो, परंतु त्या माणसांना विचारून नव्हे. पुण्याच्या त्या खोलीत आम्ही जे केले तेच आपल्या चळवळीनेही केलेले आहे.

२०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत प्रत्येक जिल्हा रुग्णालयात कर्करोगाचे दिवसभराचे उपचार केंद्र काढण्याची घोषणा झाली आहे. पुणे जिल्ह्याचे जिल्हा रुग्णालय पुण्याजवळ औंधला. तेथे केंद्र झाल्याने कळसच्या मुलाची एकही फेरी वाचणार नाही. तेव्हा असे केंद्र बारामतीच्या शासकीय महाविद्यालयातही झाले पाहिजे, ही मागणी पहिली. तिच्याबरोबर काही अगदी बिनखर्चाच्या गोष्टी त्याच कागदावर लिहिल्या पाहिजेत : फाईलमध्ये रोगाचे नाव, उपचार आणि पुढील धोके यांचा एक पानाचा मराठी गोषवारा, बारा वर्षांवरील प्रत्येक रुग्णाशी, नातेवाईक बाहेर ठेवून, एकदा तरी स्वतंत्र बोलणे, पहिल्या औषधापूर्वी अपत्यक्षमतेची चर्चा रुग्णाशीच, आणि तशी त्याची स्वतःची सही. उपचार चालू असलेल्या विद्यार्थ्याचे नाव हजेरीअभावी कमी होऊ नये, हे शिक्षण मंडळाकडे वेगळे मागावे लागेल. एस. टी.च्या सवलतीचे पत्र असे हवे, की भरल्या गाडीत वाहकापुढे धरताना त्यावर रोगाचे नाव ओरडणार नाही. एखादा सांकेतिक क्रमांक पुरे. ही शेवटची सूचना माझी नाही, त्या मुलाची आहे. मसुदा त्याला दाखविला तेव्हा त्याने ती घातली, आणि ‘तरुण रुग्णांच्या मानसिक गरजा’ हे माझे वाक्य कापायला लावले. म्हणाला, हे कुणाला कळायचं नाही.

त्याचा पाय वाचला आहे. गुडघ्याच्या जागी कृत्रिम सांधा आहे. चालता येते, धावता येणार नाही. भरतीचे काय, या त्याच्या प्रश्नाला मी अखेर उत्तर दिले, सहा महिने उशिरा. तो म्हणाला, मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं, तुम्ही कोणी बोलता का ते बघत होतो. सध्या त्याने बारामतीला लेखा-संगणकाच्या वर्गात नाव घातले आहे.

तालुक्याच्या पुढील बैठकीत हा मसुदा मी मांडणार आहे. सहकाऱ्यांनी तो आधी वाचून यावा. त्या मुलालाही बोलाविले आहे. तो येतो म्हणाला आहे, मात्र बैठक सायंकाळी सहाच्या आत संपवा, म्हणजे कळसला जाणारी शेवटची गाडी सापडेल, असे त्याने कळविले आहे.